टोइवोची बादली

टोइवो कोणाकडे घर तापवायची गॅसची भट्टी बसवायला आला, की काम संपल्यावर जात नसे. भट्टी अकराला पेटो की दोनला, हा तळघरात बादली पालथी घालून चार वाजेपर्यंत बसून राही. "काय रे, अंडी उबवतोयस का?" असं लोक जिन्यावरून विचारत. तो नुसता "हं" म्हणे. गेल्या महिन्यात तो गेला, आणि आता सगळं गाव त्याला देवमाणूस ठरवायला निघालंय. ते मला चालणार नाही. ती बादली कुठून आली ते मला माहीत आहे.

माझे वडील एइनो, लोखंडाच्या खाणीतून निवृत्त झालेले, पंचवीसेक वर्षांपूर्वी वय एक्क्याऐंशी. आमच्या घरातली जुनी भट्टी काढून त्या ऑक्टोबरात नवी बसवली ती टोइवोनंच. तो माझ्याच वर्गातला, तीन घरं सोडून वाढलेला. काम चोख. पाइपाच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघितलं, गॅसचा दाब मोजला, पेटवल्यावर बाबांना बोलावून ज्योत दाखवली.

"निळी काय नि पिवळी काय, पाय शेकले म्हणजे झालं," बाबा म्हणाले.

"पिवळी दिसली तर शेकत बसू नका, एइनोकाका. आधी घराबाहेर पडा."

जुन्या भट्टीचा धूर धुराड्यातून वर जाई. नवीला दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप होते, एक हवा आत घ्यायला आणि दुसरा जळका वायू बाहेर टाकायला. ते त्यानं उत्तरेच्या भिंतीतून काढले, जमिनीपासून दीड हातावर. भट्टीच्या पुस्तकात लिहिलंय तितकंच. पण मिनेसोटात, आमच्याकडे, जानेवारीत त्या भिंतीचं काय होतं हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आम्ही सगळेच भिंतींना खिडकीपर्यंत बर्फ थापतो. वारा अडतो, तळघर ऊब धरतं. टोइवोनं लहानपणी स्वतः फावड्यानं हे काम केलेलं. बाबांनी त्या पाइपांपुढे एक फळी उभी केली, "भोकांतून गारठा शिरतो" म्हणाले, आणि वर बर्फ थापला. मी बघितलं आणि काही बोलले नाही. मला तरी कुठे सुचलं?

भट्टी सारखी बंद पडू लागली. तिची अक्कल शाबूत होती. वायू बाहेर जात नाही असं कळलं, की एक छोटा स्विच तिला विझवायचा. त्या दिवशी पारा शून्याखाली तीस. मी शाळेत शिकवायला गेलेले. बाबांनी अकराच्या सुमाराला टोइवोला फोनवर गाठलं. तो चाळीस मैलांवर दुसऱ्याच्या घरी कामाला होता.

"अरे, तुझी ही महाराणी पुन्हा रुसली."

"काका, इथे बाळंतीण आहे, घर गारठलंय. मी संध्याकाळी येतो."

"संध्याकाळी ये, म्हणजे माझा गोठलेला मासा झालेला बघायला मिळेल."

मग टोइवोनं सांगितलं, "पुढचं झाकण काढा. रबरी नळी लावलेला गोल स्विच दिसतोय? त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाका. मी येईपर्यंतच हं."

चारला मी घरी आले. घर छान ऊबदार. बाबा खुर्चीत, गाल गुलाबी. "आज काय रंग चढलाय!" असं मी म्हटलं आणि त्यांच्या हाताला हात लावला. बाबांचे गाल रंगवणारा विषारी वायू घरभर कोंडला होता; माझं डोकं गरगरलं, मी दाराकडे धडपडले, आणि दार उघडं राहिलं म्हणून वाचले.

इन्स्पेक्टरनं जोडलेल्या वायरी पाहिल्या. "म्हाताऱ्यांना हात स्वस्थ ठेवता येत नाहीत," म्हणाला आणि तसंच कागदावर लिहिलं. मलाही तेव्हा ते पटलं. बाबांच्या अंत्यप्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी मी सगळ्यांदेखत म्हणाले, "हट्टी माणूस. स्वतःच्या हातानं मेला." टोइवो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. हातातली कॉफी त्यानं तशीच खाली ठेवली.

फोनवर काय बोलणं झालं ते तोवर त्या दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक शवपेटीत, पुरलं जायला वसंतात जमीन मऊ होण्याची वाट बघत पडलेला. दुसऱ्यानं तोंड मिटून घेतलं असतं, तर त्याचं भट्ट्या बसवायचं लायसन्स शाबूत राहिलं असतं. नवव्या दिवशी तो आला. बसला नाही.

"सायमा, वायरी जोडायला मी सांगितलं. काकांचं ते डोकं नव्हतं."

"इन्स्पेक्टरला सांगितलंस?"

"आधी तुला."

"मला सांगून काय होणार? मी काय पाद्री आहे? जा, त्याला सांग. आणि बाबांवर ठेवलेला दोष त्या कागदावरून पुसून आण."

तो गेला. दोष पुसला गेला, आणि लायसन्सही. तीन वर्षं त्यानं रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवली. मी तीन हिवाळे बाबांच्या लाकडाच्या चुलीवर काढले. त्या भट्टीसाठी दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही. का, ते विचारू नका.

लायसन्स परत मिळाल्याचं कळलं तेव्हा मी फोन केला. "ये आणि ती पेटव."

त्यानं पाइप खिडकीच्याही वर नेले. विषारी वायू झाला तर कोकलणारी डबी माझ्या पलंगाजवळ ठोकली. स्विच नवा घातला आणि पाइपाचं तोंड हातानं दाबून भट्टी विझते हे दोनदा करून दाखवलं. पुन्हा फेस, पुन्हा दाब. अकराला भट्टी पेटली, ज्योत निळी. तो हत्यारं गोळा करू लागला.

"कुठे निघालास? बस."

"किती वेळ?"

"चारपर्यंत."

त्यानं माझी राखेची बादली पालथी घातली आणि बसला. मी वर जाऊन बाबांच्या खुर्चीत बसले. कॉफी विचारली नाही. चार वाजता जिन्यावरून "ऊठ" म्हटलं.

त्यानंतर बावीस वर्षं तो लोकांच्या भट्ट्या बसवत राहिला. त्या तळघरांच्या जिन्यावर त्याला बसवून ठेवायला मी नव्हते. तरी चारच्या आधी तो कधी उठला नाही.