टोपीखालचा तिळाएवढा तुकडा

गल्लीत तिला सगळे मीटरताई म्हणत. बंद पडलेलं यंत्र समोर आलं की ती आधी मीटर लावायची, मगच तोंड उघडायची.

त्या दुपारी निवृत्त पोस्टमनकाका तोच जुना इन्व्हर्टर तिसऱ्यांदा घेऊन आले. घरी काकू ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. वीज गेली की सगळी मदार याच्यावर. मागच्या खेपेला ताईने काकांनाच झापलं होतं, "पंखा, टीव्ही सगळं यावर लावता, मग जळणार नाही तर काय!" काका खाली मान घालून गेले होते.

झाकण काढताच जळका वास नाकात शिरला. आत झुरळांची लेंडकं, चिकट तेलकट धूळ. तोंड वाकडं करत तिने पत्र्याच्या टोपीचा ट्रान्झिस्टर सोडवला आणि मीटर डायोडच्या खुणेवर ठेवला. लाल टोक टोपीला, काळं एमिटरच्या पायाला. बीप. टोकं उलटी केली, तरी बीप. दोन्हीकडून करंट वाहतोय, म्हणजे आरपार जळलेला.

पण तीनदा त्याच जागी? मागच्या दोन्ही खेपांना ज्या डब्यातला बसवला होता, त्याच डब्यातला कोरा ट्रान्झिस्टर तिने उचलला. बेसवर लाल टोक ठेवून दोन्हीकडे पाहिलं: पॉइंट सहाच्या आसपास. उलट बाजूने काहीच नाही. मीटरच्या हिशोबाने धुतल्या तांदळासारखा.

तरी मनात पाल चुकचुकली. तिने कापसावर नेलपॉलिश काढायचं पाणी घेऊन टोपीवर छापलेला नंबर पुसला. अक्षरं कापसावर उतरली. खाली दुसराच नंबर. मग तिने टोपी शिकंज्यात धरून करवतीने कापली. आत करंट पेलणारी नखाएवढी सिलिकॉनची चकती हवी, तिथे तिळाएवढा तुकडा होता. मीटरच्या चिमूटभर करंटला तो पुरत होता, इन्व्हर्टरच्या ओझ्याखाली जळत होता.

डबा सख्ख्या भावाच्या दुकानातला होता.

कापलेली टोपी तिने त्याच्या काउंटरवर आपटली. "दादा, हे काय आहे?"

त्याने नीट पाहिलंही नाही. "सगळीकडे हाच माल येतो गं. मीटरवर पास होतो ना? मग गिऱ्हाइकाला काय कळतंय!"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तू घरातली, म्हणून तुला त्यातले बरे निवडून द्यायचो."

वर उपकार! त्याने पुढे केलेला चहा तिने तसाच ठेवला. त्याच्या कपाला हात लावायचीही तिला शिसारी आली.

परत येऊन तिने स्वतःच्या जुन्या अँप्लिफायरमधली अस्सल ट्रान्झिस्टरची जोडी काढली, काकांच्या इन्व्हर्टरला लावली, तासभर त्यावर बल्ब लावून पाहिला आणि इन्व्हर्टर स्वतः उचलून त्यांच्या घरी नेला.

"काका, चूक माझी होती. माल खोटा होता."

"पंखा मी कधीच लावला नव्हता," काका हळूच म्हणाले.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू मीटर लावून बोलत होतीस. मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल."

तिला स्वतःचीच किळस आली. पलीकडे काकू मशीनच्या नळीतून श्वास घेत होत्या.

वहिनीशी ती अजूनही बोलते, पण दादाच्या दुकानाची पायरी चढत नाही. सुटे भाग परगावाहून टपालाने मागवते, आणि आलेल्या प्रत्येक खोक्यातला एक कापून बघते.