सकिनाबेन आणि पहिली सही

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी अकराला जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन दिले. बाराला पोच मिळाली. सकिनाबेन रिक्षाने घरी गेल्या, मी चालत निघाले. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी हे आजच लिहिते आहे. आनंदाने अक्षर वाकडे येते आहे, संपादकांनी सांभाळून घ्यावे.

सकिनाबेन शाळेत मला गणित शिकवीत. पण त्यांची खरी ओळख झाली पाच वर्षांपूर्वी. माझी झैनब सात वर्षांची झाली आणि आई म्हणाली, “रविवारी हिला आइस्क्रीम खायला नेते.”

आमच्या बोहरा समाजात अनेक घरांत मुलींची खतना होते, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापतात. मलाही आइस्क्रीमचेच सांगून नेले होते. त्यानंतर मी ते कधी खाल्ले नाही. आईला उलट बोलणे मला जमेना. मी बाईंकडे गेले. त्या त्याच संध्याकाळी घरी आल्या.

“मास्तरीणबाई, घरचं घरात राहू द्या,” आई म्हणाली.

“घरचंच सांगते, फातेमाबेन. माझ्या मुलीला मीच नेलं होतं. ती अजून माझ्या हातचा चहा घेत नाही.”

“साखर जास्त घालत असाल.”

दोघी हसल्या. मग आई चहा टाकायला उठली. तो रविवार आला. आई घराबाहेर पडली नाही.

सकिनाबेन प्रत्येक घरी आधी स्वतःची चूक सांगतात, कायदा नंतर. निवृत्तीनंतर त्यांनी संविधान वहीत उतरवून अभ्यासले. “मुलीचं शरीर मुलीचं. आपण सरकारला फक्त आठवण करून द्यायची,” असे त्या म्हणतात. खतनाविरुद्ध स्पष्ट कायदा व्हावा, ही निवेदनातली मागणी त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. त्याखाली पहिली सही माझ्या आईची. आई गेल्या महिन्यात गेली.

आज जिल्हाधिकारी साहेबांनी विचारले, “नाशिकमध्ये असं होतं?”

“माझ्यासोबत झालं, साहेब. लिहून घ्या,” पंच्याहत्तर वर्षांच्या सकिनाबेन म्हणाल्या. साहेबांनी पेन उघडले!

कायदा होईल त्या दिवशी तो बाईंनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवावा. तेवढे आयुष्य, तेवढी तब्येत आणि हाच खणखणीत आवाज त्यांना लाभो.

घरी येताना वाटेत एक दुकान लागले. मी एक कप आइस्क्रीम घेतले, कोपऱ्यातल्या बाकावर बसले आणि सगळे संपवले.