सही घेऊन दिलेल्या गोळ्या

माझ्या थोरल्या जाऊबाईंशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. मी स्वतः सव्वीस वर्षं हरते आहे, म्हणून खात्रीने सांगते. थोरले दीर गेले तेव्हा त्यांची किल्ल्यांची टपरी विकून टाकावी, असं घरातल्या झाडून सगळ्यांनी सुचवलं. बाईमाणसाकडे कुलूप घेऊन कोण येणार, असं माझा नवराच म्हणाला होता. महिन्याभरात जाऊबाईंनी टपरी उघडली, आणि पहिलं अडलेलं कुलूप आलं ते माझ्याच नवऱ्याच्या कपाटाचं. त्यांनी ते उघडून दिलं आणि धाकट्या दिराकडून मजुरीही घेतली.

टपरीचे त्यांचे दोन दंडक होते. कुलूप डोळ्यांनी बघितल्याशिवाय किल्ली करायची नाही. आणि केलेली प्रत्येक किल्ली वहीत लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यायची, मग तो शेजारी असो नाहीतर मोठा साहेब. एकदा एक साहेब साबणावर उठवलेला किल्लीचा छाप घेऊन आला. याच साबणाने हात धुवा आणि घरी जा, असं त्याला ऐकवून यांनी परत पाठवलं.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या पोटरीवरचा तीळ वाढायला लागला. कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग कुठे काळा, कुठे निळसर. कानशीचा कीस घुसला असेल म्हणून त्यांनी सहा महिने अंगावर काढलं. मग तो कापून काढला, आणि दोन वर्षांनी तोच आजार फुफ्फुसात आणि यकृतात निघाला. मेलानोमा. तिळातून निघणारा कॅन्सर, आणि आता शरीरभर पांगलेला. ही बातमी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी दिली. जाऊबाईंनी त्यांना विचारलं, उन्हात बसायचं की नाही तेवढं सांगा, म्हणजे टपरीला पडदा लावायचा का ते ठरवते.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी सांगितलं की गाठीच्या तुकड्याची तपासणी केली आहे, त्यात एक ठरावीक बिघाड सापडला आहे, आणि नेमक्या त्याच बिघाडावर बसणारी गोळी आहे. पण ही एकच गोळी दिली की आजार काही महिन्यांनी दुसरी वाट काढतो. म्हणून ती दुसरी वाटही अडवणारी आणखी एक गोळी जोडून बघायची चाचणी चालू होती. पहिली गोळी सगळ्यांनाच खरी मिळणार. दुसरी निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कोणती हे संगणक ठरवणार, आणि ते डॉक्टरांनाही कळणार नाही.

"म्हणजे कडी लागलीय हे नक्की, पण वर कुलूप आहे की नाही ते तुम्हालाही ठाऊक नाही," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना ताप भरायला लागला. दात वाजेपर्यंत थंडी, मग दोन दिवस गोळ्या बंद, मग पुन्हा चालू. सिस्टर बोलता बोलता म्हणून गेल्या की दोन्ही खऱ्या मिळणाऱ्यांना ताप जास्त येतो. झालं. त्या दिवसापासून जाऊबाई तापाचं कौतुक करायला लागल्या. पहिल्या स्कॅनमध्ये गाठी लहान झालेल्या दिसल्या तेव्हा तर आपल्याला दोन्ही खऱ्या मिळताहेत याबद्दल त्यांच्या मनात शंकाच उरली नाही.

तिथेच, रक्त द्यायच्या रांगेत, त्यांना सुतार भेटला. पन्नाशीचा, उंच, बोलताना समोरच्या टेबलाचे सांधे तपासणारा माणूस. त्याचाही आजार तोच, चाचणीही तीच. त्याला ताप कधी आला नव्हता. मात्र तळहातांवर आणि गुडघ्यांवर जाड घट्टे होते, आणि हल्ली ते जास्तच जाड झालेत असं त्यालाही वाटत होतं. एकच गोळी मिळणाऱ्यांची कातडी अशी जाड होते, हे माहितीच्या कागदावर छापलेलंच होतं. त्याने हात पुढे केले, जाऊबाईंनी ते किल्लीसारखे उलटसुलट करून पाहिले आणि निकाल दिला की यांना दुसरी गोळी नकली मिळते आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मलाही ते पटलं. मी टपाल कचेरीत खिडकीवर बसते. माझ्या हाताला कसले घट्टे पडणार आणि मला कसं सुचणार?

त्या रात्री जाऊबाई जेवल्या नाहीत. दोन दिवसांनी मला म्हणाल्या, त्या माणसाला नुसत्या पिठाच्या गोळीवर जगायला लावलंय आणि मी इथे पोटभर औषध खातेय, हे मला बघवत नाही. मी म्हटलं, नियम आहे, सही केली आहे, कळलं तर दोघांनाही चाचणीतून काढतील आणि मग काहीच मिळणार नाही. मी रडले, भांडले, दिराची शपथ घातली. सव्वीस वर्षांचा इतिहास माहीत असूनही.

पुढच्या खेपेला उपाहारगृहाच्या मागच्या टेबलावर व्यवहार झाला. प्रत्येकाच्या दुसऱ्या बाटलीत अठ्ठावीस गोळ्या. चौदा यांच्या त्याला, चौदा त्याच्या यांना, म्हणजे मोजणीत कुठेच कमी भरायला नको. सुतार सुरुवातीला नको म्हणाला. जाऊबाईंनी त्याला सांगितलं की निम्मं कुलूप दोघांच्याही दाराला असू दे. मग त्याने गोळ्या घेतल्या. आणि मग त्यांनी पिशवीतून टपरीची वही काढली, तारीख घातली, दिल्या चौदा, घेतल्या चौदा असं लिहिलं आणि वही त्याच्यापुढे सरकवली. जगातला हा पहिला गुन्हा असेल ज्यात गुन्हेगारांनी एकमेकांच्या सह्या घेतल्या. मी डोक्याला हात लावला. अशा दोन खेपा झाल्या.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांनाही आत बोलावलं. दर महिन्याचं रक्त लांबच्या एका प्रयोगशाळेत जात होतं, आणि तिथे एका माणसाच्या रक्तात जे औषध असायलाच नको ते सापडलं होतं. मला वाटलं आता ताकास तूर लागू द्यायची नाही. पण जाऊबाईंनी सरळ वही टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाई बराच वेळ वाचत राहिल्या. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्या म्हणाल्या, दोघांनी निम्मंनिम्मं घेतलं तर आम्हाला दोन्ही बाजू सारख्याच दिसणार. असं आणखी चार जणांनी केलं असतं तर जोडीची गोळी कुचकामी आहे असं आम्ही लिहून मोकळे झालो असतो, आणि मागून येणाऱ्यांना ती कधीच मिळाली नसती. जाऊबाईंनी मान खाली घातली. त्यांनी कोणापुढे मान खाली घातलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मग डॉक्टरीणबाईंनी कोणाला कोणती गोळी ते लिहिलेली दोघांची बंद पाकिटं फोडली. आता दोघंही चाचणीबाहेर होते, त्यामुळे लपवायचं काही उरलं नव्हतं.

दोन्ही खऱ्या गोळ्या सुताराला मिळत होत्या. जाऊबाईंची दुसरी बाटली नकली होती.

एकट्या पहिल्या गोळीनेही ताप येतो, थोड्याच लोकांना, पण येतो. आणि घट्टे? ते तीस वर्षं रंधा धरून आणि जमिनीवर गुडघे टेकून पडले होते. ते पाहून कोणत्याही सुताराच्या बायकोने सांगितलं असतं. पण आम्ही तिघंही शहाणे, कागदावर छापलेलं वाचणारे. दोन महिने जाऊबाई त्याला पीठ देत होत्या आणि त्याचं औषध खात होत्या.

नवे स्कॅन समोरच लावलेले होते. यांच्या गाठी आणखी आटल्या होत्या. त्याची यकृतातली गाठ पुन्हा वाढली होती. निम्म्या औषधामुळे का, असं जाऊबाईंनी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सांगता येत नाही, पूर्ण औषधावरही काही जणांची वाढते. ते खरं असेल. पण ज्या बाईने आयुष्यभर कुलूप बघितल्याशिवाय किल्ली केली नाही, तिला "सांगता येत नाही" यावर झोप कशी लागणार?

डॉक्टरीणबाईंनी खटपट करून जाऊबाईंना चाचणीबाहेर दोन्ही गोळ्या मिळवून दिल्या. सुताराला आता त्या पुरणार नव्हत्या. त्याच रुग्णालयात तीन औषधांची नवी चाचणी सुरू होत होती, आणि त्याच्यासाठी शेवटचा रस्ता तोच होता. त्याचा अर्ज त्या चाचणीच्या समितीने परत पाठवला. कारण लिहिलं होतं, हा रुग्ण सूचना पाळण्याच्या बाबतीत विश्वासार्ह नाही.

सुताराने तो कागद घडी करून खिशात ठेवला असता. जाऊबाईंनी तो त्याच्या हातातून घेतला. त्यानंतर बारा दिवस टपरी बंद होती. त्या रोज सकाळी समितीच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसायच्या, डबा घेऊन, औषधांच्या वेळा सांभाळून. मधल्या दोन दिवसांत ताप भरला तर शाल पांघरून बसल्या. मी रजा काढून शेजारी बसले. या खेपेला मी वाद घातला नाही. तेराव्या दिवशी त्यांना आत घेतलं, आणि मी मागोमाग घुसले.

लांब टेबलामागे पाच जण होते. मधल्या गृहस्थांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की बाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, पण ज्याने एकदा नियम मोडला त्याच्या नोंदींवर विसंबून औषध ठरवता येत नाही.

जाऊबाईंनी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"मी कुलपांच्या धंद्यात आहे. चोर सही करत नाही. या माणसाने काय दिलं, काय घेतलं, कोणत्या तारखेला, ते इथे त्याच्या सहीने आहे. तुमच्या संगणकाला जे दोन महिने कळलं नाही ते इथे लिहिलेलं होतं. याच्याहून विश्वासाचा रुग्ण तुम्ही आणणार कुठून? आणि कल्पना माझी होती. तो नको म्हणत होता. शिक्षा करायची तर माझ्या गोळ्या बंद करा."

मी मागून त्यांचा पदर ओढला, कारण ही बाई बोलते ते करते.

गृहस्थ म्हणाले, आम्ही विचार करून कळवू. जाऊबाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. कळवू म्हणजे कधी, असं त्यांनी विचारलं. त्या माणसाकडे दिवस किती उरलेत हे तुमच्याच कागदावर लिहिलेलं आहे, मी वाचलंय. तुम्ही विचार करा, मी बसते.

 टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वही जवळ ओढली आणि सगळ्या तारखा रक्ताच्या अहवालाशी लावून पाहिल्या. एकही चुकली नव्हती. तासाभराने त्यांनी सुताराच्या अर्जावर शिक्का मारला.

संध्याकाळी आम्ही त्याच्या कारखान्यात कागद द्यायला गेलो. तो एका दाराला रंधा मारत होता, दोन हात मारले की थांबत होता. अंगात बळ राहिलं नव्हतं. त्याने कागद वाचला, भुसा झटकून एक स्टूल पुढे केलं. जाऊबाई बसल्या नाहीत. इतक्या दिवसांत दोघांनी पाकिटातल्या त्या गोष्टीचा विषय काढला नव्हता. तिसरं औषध त्याला लागू पडेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि आजही नाही.

"मी जगले तर तुमच्या गोळ्यांवर जगणार आहे," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

सुताराने रंधा उचलला.

"मग नीट जगा, बाई. माझा माल आहे तो. वाया घालवू नका."