जांभळावरची तिसरी लाईन

वेल्ह्याच्या बाजारात माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. दारावर मी मोठ्या तोऱ्यात पाटी लावली होती, 'इथे नेट कधीच जात नाही.' दोन कंपन्यांच्या दोन लाईन घेतल्या होत्या. एक गेली की दुसरी. वायरमनने मात्र छान दिसावं म्हणून दोन्ही वायरी एकत्र बांधून एकाच खांबावरून आणल्या. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने नेमका तोच खांब आडवा केला.

वायरमनला फोन केला तर तो कापूरहोळला. तो कायम कापूरहोळलाच असतो. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोबाईलवर एवढं बोलणं तरी होत होतं, फॉर्मचं पान काही उघडेना.

समोर बाकावर वरच्या धनगरवाड्यातली एक मुलगी बसली होती. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, मुदत पाच वाजेपर्यंत. यंदा हुकलं तर घरचे तिच्या लग्नाचं बघणार होते. दोन वाजले तशी ती हळूच म्हणाली की आमच्या जांभळावर रेंज येते.

लॅपटॉप पिशवीत घालून, धापा टाकत, वायरमनचा उद्धार करत मी डोंगर चढले. जांभळाच्या फांद्यांना पिशव्या टांगलेल्या, एकेकीत एकेका घरचा मोबाईल. मुलीचे वडील आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून पार वर जाऊन बसले. जांभळाची फांदी काही भरवशाची नसते, त्यामुळे मला वर बघवेना. खाली मी, मांडीवर लॅपटॉप, आणि मागे एक शेळी माझी ओढणी खात होती. खाऊ दे म्हटलं, नेट चालू होतं.

फॉर्म भरला. ओटीपी झाडावर आला. वडिलांनी मेंढरं मोजावीत तसं खणखणीत वाचलं, "सत्तेचाळीस, त्र्याण्णव, एकोणऐंशी."

मी आकडे टाकले. चूक. पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा चूक. आता एकच संधी उरली होती आणि पाचाला आठ मिनिटं कमी होती. मामा, जरा नीट वाचा की, म्हणून मी वर तोंड करून ओरडले.

तेव्हा मुलगी म्हणाली, "ताई, एकोणऐंशी म्हंजी सात-नऊ. तुमी आठ-नऊ टाकताय."

आधी बोलायला काय झालं होतं, असं मी तिच्यावरच खेकसले.

"तुमी कंप्युटरवाल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचंच बरोबर आसंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात-नऊ टाकलं आणि फॉर्म गेला. खाली आल्यावर आधी पाटी उतरवली.

परवा तिचा पुण्याहून फोन आला. पहिल्या वर्षाला एकोणऐंशी टक्के पडले म्हणाली. मी बोटांवर मोजायला लागले, तर तिकडून तीच हसली, "ताई, सात-नऊ."

मी भर दुकानात रडले. फॉर्म भरायला आलेले चार जण बघत होते. बघू देत.