कपाटातले पांढरे डबे
स्पिरिटचा वास आला की मंगरूळपीरच्या आमच्या दवाखान्यातल्या सफाईवाल्या मावशी आठवतात. वापरलेल्या सुयांसाठी पांढरे डबे आले, तेव्हा साहेबांनी डब्यांना हार घालून फीत कापली, भाषण केलं, आणि पुढच्या तपासणीपर्यंत मळू नयेत म्हणून डबे कपाटात कुलूपबंद झाले. सुया पुन्हा काळ्या पिशवीत. तीच उचलताना मावशींच्या बोटात एक घुसली. "कोनाची असन रे बापू?" त्यांनी मला विचारलं. त्या ढिगात कोण सांगणार! "मंग नातीले आता जवळ घेऊ का नको?" पुढे रक्तात काही निघालं नाही, पण मावशींची धास्ती गेली नाही. परवा तीच नात, आता मोठी झालेली, माझ्या औषधाच्या खिडकीशी आली. मावशींचा विषय निघाला तशी म्हणाली, "आजीनं मले कधी जवळच नाही घेतलं."