आधी मुका ऐकायचा

"कॅसेट काढा आधी," हे भाऊजींचं दुकानातलं पहिलं वाक्य. मग अँप्लिफायरचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं आणि स्पीकरच्या जाळीला उजवा कान लावून डोळे मिटायचे. काहीच वाजत नसताना! उल्हासनगरच्या बाजारात माणसं गोळा व्हायची हो. मी तर तोंडाला पदर लावून लांब उभी राहिले होते.

आमच्या घरासाठी सिस्टीम घ्यायची म्हणून माझ्या नवऱ्यानं त्यांना बरोबर घेतलं होतं. अंबरनाथ पश्चिमेला आमची नि भाऊजींची दारं समोरासमोर, आणि दोघंही एमआयडीसीत एकाच पाळीला. "वहिनी, गाणं काय, कुठल्याही डब्यातून बरंच लागतं," ते म्हणाले. "गप्प बसवल्यावर जो गुणगुणत नाही, तो खरा. आधी मुका ऐकायचा." सिंधी शेठनं चहा मागवला, "साईं, गाना तो सुनो" म्हणून विनवण्या केल्या. त्याचाच चहा पिऊन भाऊजींनी त्याचे सगळे अँप्लिफायर नापास केले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्वतःसाठी मात्र त्यांचं वर्षानुवर्षं ठरेना. अखेर अँप्लिफायर मिळाला, तर त्याला जोडायची वायर पसंत पडेना. आता वायरसुद्धा कुणी अशी पारखून घेतं का, तुम्हीच सांगा! एकदा बोटाएवढी जाड वायर गळ्यात अडकवून ते जिना चढून आले, तेव्हा त्यांची बायको सुमन मला म्हणाली, माझं मंगळसूत्र घेताना एवढं बघितलं नव्हतं यांनी. आणि हसली. तिचा राग असा हसण्यातच जायचा. पहिली कॅसेट तूच लावायचीस, असं भाऊजींनी तिला कबूल केलं होतं.

शेवटी मनासारखी वायर मिळाली, त्या रविवारी आम्हा दोघांना ऐकायला बोलावलं. भाऊजींनी बटण शेवटपर्यंत फिरवलं, स्पीकरला कान लावला, डोळे मिटले. खोलीत चिडीचूप. मग त्यांनी समाधानानं मान डोलावली. सुमनला वाटलं, आपल्यालाच खूण केली. तिनं कॅसेट चालू केली.

अहो, काय आवाज तो! तावदानं थरथरली, माझ्या हातातली बशी निसटून फुटली. माझ्या नवऱ्यानं धावत जाऊन प्लग उपटला. भाऊजी भिंतीला टेकलेले, चेहरा पांढराफटक. सुमन कापत होती. तिच्याकडे बघून ते कसेबसे हसले.

"झकास," म्हणाले. "एकदम स्वच्छ."

पुढे एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं. उजव्या कानानं काहीच ऐकू येत नाही, कल्याणच्या डॉक्टरनंही हात टेकले, म्हणाले.

"हिला कळता कामा नये, वहिनी. जन्मभर स्वतःला दोष देत बसेल."

नंतर ते कुणाबरोबर बाजारात गेले नाहीत. स्वतःचं झाल्यावर शिष्ट झाला, असं लोक म्हणायला लागले. भाऊजी ऐकून घ्यायचे. घरी मात्र सुमनला डाव्या बाजूला बसवून रोज गाणी लावायचे, आणि ती खूश असायची.

आणि एका सकाळी स्टेशनजवळ रस्ता ओलांडताना उजवीकडून टेम्पो आला. जागच्या जागी गेले. माझा विश्वासच बसेना.

हॉस्पिटलच्या दारात टेम्पोवाला प्रत्येकाला हात जोडून सांगत होता, "माँ कसम, कब से हॉर्न मार रहा था." सुमननं माझा दंड घट्ट धरला.

"ताई, यांचे कान एवढे तिखट. हॉर्न कसा ऐकू आला नाही हो यांना?"

टेम्पोवाला माझ्याकडेच बघत होता.

"वाजवलाच नसेल मेल्यानं," मी म्हणाले.