ओडीलचे सप्टेंबरातले तीन दिवस

दर सप्टेंबरात ओडील किनाऱ्यावरच्या करकेत गावाहून बसने सेंट जॉन शहरात यायची आणि हेझलच्या सरायीत तीन दिवस राहायची. सराय दोनशे वर्षांची. लोक तिथल्या शेकोट्या आणि जुन्या तुळया बघायला येत. ओडीलला त्याचं काही नव्हतं. तिथून रॉकवूड पार्क चालत गाठता येई, म्हणून ती तिथे उतरायची. नऊ वर्षांपूर्वी गावातल्या कुणीतरी तिच्या मुलाला, रनोला, त्या बागेत पाहिलं होतं. तळ्यामागच्या झाडीत तंबू ठोकून राहत होता म्हणे.

नवरा समुद्रात बुडाला तेव्हा रनो सहा वर्षांचा होता. ओडीलने मासळीच्या कारखान्यात शेवंडं सोलून त्याला वाढवला. चाळीस वर्षांत तिची बोटं वाकडी झाली.

"यंदाही उशी घरून?" हेझल दारातच म्हणाली. "माझ्या उशांना काय काटे आहेत?"

"तुझ्या उशासुद्धा दोनशे वर्षांच्या."

हेझल हसली. मग तिचा हात धरून हळूच म्हणाली, "ऐक. तळ्यापाशी हल्ली एक जण दिसतो. तुमच्याकडची फ्रेंच बोलतो. तो रनो नाही, वयाने बराच मोठा आहे. पण विचारून तर बघ."

ओडीलने हातपायही धुतले नाहीत. घरून आणलेले, मांस भरलेले बटाट्याचे गोळे घेऊन तशीच निघाली.

त्या माणसाचं नाव गास्पार. तिने पुढे केलेला रनोचा फोटो त्याने पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हीच त्या. दर वर्षी तळ्याकाठच्या त्या बाकावर बसायच्या."

"तू मला कसा ओळखतोस?"

"तो दाखवायचा ना! आम्ही त्या झाडांमागे असायचो. म्हणायचा, ती बघ माझी आई. मी म्हणायचो, अरे जा की गाढवा! तर म्हणे, तिने सांगितलंय, मेलास तरी तोंड दाखवू नकोस."

ओडीलने तसं म्हटलं होतं. दारूपायी त्याची तिसरी नोकरी गेली, त्या सकाळी. दुपारी तिने त्याचं ताटही वाढून ठेवलं होतं. तोवर तो निघून गेला होता.

"आता कुठे आहे?"

गास्पारने टोपी काढली. "मावशी, दोन हिवाळे झाले. एका सकाळी उठलाच नाही. गाडी आली, घेऊन गेली. आम्हाला त्याचं आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं."

तिने गोळ्यांचा डबा त्याच्या हातात दिला. तिच्यासमोर खायचा त्याला धीर होईना. "खा," ती म्हणाली. "शिळे झाले की चव जाते." तो खात होता आणि ती त्याने मघाशी दाखवलेल्या झाडांकडे बघत होती. बाकापासून तिथवर हाक सहज पोचली असती.

दुसऱ्या दिवशी हेझलने चार ठिकाणी फोन केले. बेवारशांना पुरतात ती जागा शहराबाहेर होती. तिथल्या कारकुनाने फोनवर कळलेली तारीख ताडून पाहिली, रांग नि नंबर सांगितला आणि आत गेला. रांगेत दगड नव्हते. नुसतं कापलेलं गवत आणि नंबरांच्या खुंट्या.

हेझलने खुंटी शोधून दिली. ओडील आधी एका बाजूला उभी राहिली, मग दुसऱ्या.

"हेझल, डोकं कुठल्या बाजूला असेल गं?"